चामड्याला तेल पाजण्याआधी

[दृश्य: पांढऱ्या कागदावर एक जाड ग्रंथ. दोन हात तो अलगद उचलतात. कागदावर तांबूस भुगा उरतो.]

बघणाऱ्याला वाटेल, कुणाची तरी तपकिरीची डबी सांडली. हे पुस्तकाच्या कण्याचं चामडं आहे. नुसतं उचललं, तर एवढं झडलं.

आजोबा साताऱ्यात वकील होते. इंडियन लॉ रिपोर्ट्सची, म्हणजे हायकोर्टाच्या छापील निकालांची, मुंबई मालिका १८७६ साली सुरू झाली. तिचे काही जुने खंड त्यांनी गिरगावातल्या एका थोरल्या वकिलाकडून, ते वकिली सोडताना, उतरत्या भावात घेतले होते. कणा आणि कोपरे चामड्याचे, मधल्या पुठ्ठ्यावर कापड. लहानपणी आमची बोटं लाल दिसली की आजी विचारायची, “कपाटाला हात लावलास ना? धू आधी.” चामडं कुजतंय हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आम्हाला तो त्या कपाटाचा स्वभाव वाटायचा.

[दृश्य: ग्रंथाच्या खालच्या कोपऱ्यावर कॅमेरा सरकतो. रुपयाएवढा काळा, कडक, आक्रसलेला डाग.]

हा डाग माझा. एका दसऱ्याला ग्रंथपूजेसाठी खंड बाहेर काढले. ओल्या फडक्याने पुसले आणि वर खोबरेल चोळलं. कोल्हापुरी वहाणांना तेल पाजतात, मग पुस्तकाला का नाही? पाणी लागलेला कोपरा डोळ्यांदेखत काळा पडला. वाळल्यावर चिंचोक्यासारखा टणक झाला. थंडीत तेल गोठून कण्यावर पांढुरकी साय धरली आणि पुढे त्या वासाला झुरळं आली.

वहाणेचं चामडं रोज वाकतं. त्याचे तंतू शाबूत असतात. तेलामुळे ते एकमेकांवर सरकतात, म्हणून वहाण मऊ राहते. या कण्यातले तंतूच तुटलेत. तुटलेला दोर तेलात बुडवून सांधत नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातून दिसणारे आखूड, विस्कटलेले तंतू.]

कातडं कमावतात म्हणजे झाडाच्या सालीतलं टॅनिन त्यात मुरवतात. ते तंतूंना धरून ठेवतं, म्हणून कातड्याचं चामडं होतं आणि ते सडत नाही. पण हवेतला गंधकाचा वायू चामड्यात शिरून हळूहळू आम्ल झाला, की ही पकड सुटते. लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८४३ सालीच बोट दाखवलं होतं ते गॅसच्या दिव्यांकडे. मुंबईचे रस्ते गॅसने उजळले १८६५ मध्ये, आणि गिरण्यांच्या धुराड्यांतून कोळशाचा धूर येत होताच. आमचे खंड साताऱ्याच्या चांगल्या हवेत पोचले तेव्हा विष पोटात घेऊनच आले असणार.

सगळा दोष हवेचाही नाही. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने चामडी बांधणीच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९०१ साली आला, आणि त्यात सगळ्यात वाईट शेरा पडला तो हिंदुस्थानातून जाणाऱ्या मेंढी-बकरीच्या कमावलेल्या चामड्यावर. इतर बऱ्याच कामांना चालेल, पण उन्हात किंवा गॅसच्या धुरात फळीवर ठेवलेल्या पुस्तकाला पाच-सहा वर्षांच्या वर टिकायचं नाही, असा त्याचा सूर. मद्रासकडे हे चामडं तरवडाच्या सालीने कमावत. आपल्याकडे माळावर पिवळ्या फुलांनी भरतं तेच हे झुडूप. तरवड, बाभूळ यांच्या सालीतलं टॅनिन आम्लापुढे लवकर हार खातं. हिरड्यातलं वेगळ्या जातीचं, ते जास्त तग धरतं. साहेबाने मात्र स्वतःच्या कारखान्यांनाही सोडलं नाही: रंग खुलावा म्हणून चामडं गंधकाच्या आम्लातून काढायची पद्धत तिकडचीच, आणि अहवालाने तिलाही झोडपलं.

[दृश्य: काचेच्या पट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात केसाएवढा तंतू. पाणी गरम होतं. तंतू एकदम आक्रसतो.]

चामडं किती गेलंय हे असं कळतं. धड चामड्याचा तंतू ७५ अंशांच्या पुढे आक्रसतो. पार कुजलेला असेल तर ३५-४० अंशांतच मान टाकतो. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरच्या टाकीत यापेक्षा ऊन पाणी असतं. माझं ओलं फडकं म्हणजे त्या कोपऱ्याला उकळतं पाणीच.

[दृश्य: कामाचं टेबल. मऊ ब्रश, बारीक पाती, बाटलीत पाण्यासारखा द्रव.]

ग्रंथ दुरुस्त करणाऱ्या ताई म्हणतात, “गेलेलं परत येत नाही. आहे ते धरून ठेवू.”

भुगा आधी मऊ ब्रशने झाडतात. मग क्लूसेल जी. सेल्युलोजपासून केलेली ही पूड शंभराला दोन या प्रमाणात अल्कोहोलमध्ये विरघळवलेली असते. पाणी चालत नाही म्हणूनच अल्कोहोल. ब्रशचं टोक टेकलं की कणा ते पिऊन टाकतो आणि गडद होतो. माझ्या पोटात गोळा येतो, पुन्हा काळं पडलं! पाच मिनिटांत अल्कोहोल उडून जातं आणि मूळ तपकिरी रंग वर येतो. ताई पांढरा रुमाल कण्यावर टेकवतात. रुमाल पांढराच.

आता कणा आणि पुठ्ठा यांच्यामधला सुटलेला सांधा. बाजारातला बाइंडर जुना कणा फाडून रेक्झिन चढवून देतो, दोन दिवसांत, आणि पुस्तक मजबूतही होतं. पण सोनेरी अक्षरं केराच्या टोपलीत जातात. इथे ताई पात्याने चामडं जेमतेम नखभर उचलतात. खाली जपानी कागदाची पट्टी सरकवतात. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, पण ताणला तर दाद देत नाही. कडा कापत नाहीत, फाडतात, म्हणजे सुटे धागे चिकटून सांधा दिसत नाही. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ, घट्ट, कमीत कमी ओलाव्याची. उद्या कुणाला ही पट्टी काढायची झाली तर निघेल. फेव्हिकॉल निघत नाही.

तेलाचा विषय मी पुन्हा काढतो. ताई हसतात. ब्रिटिश म्युझियमचं स्वतःचं एक मलम होतं, लॅनोलिन, मेण आणि देवदाराच्या जातीचं तेल घातलेलं. जगभरच्या ग्रंथालयांनी ते कितीतरी वर्षं चोळलं. आता वापरत नाहीत. म्हणजे चुकलो तो मी एकटाच नाही. यात समाधान मानावं की नाही, ठरत नाही.

[दृश्य: आम्लविरहित पुठ्ठ्याची पेटी. ग्रंथ आत ठेवला जातो.]

घरी सांभाळायचं ते असं. उन्हाची तिरीप नको. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास बरी; ७० च्या वर बुरशी. पावसाळ्यात मुंबईची हवा ८०-९० वर असते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि उघडीप मिळाली की दारं उघडी टाकावीत. पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून ओढू नये. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलून मधलं कमरेत धरावं. आमच्या सगळ्या खंडांची डोकी या एका सवयीने गेली आहेत.

[दृश्य: ताई नोंदवही ओढतात.]

काळ्या कोपऱ्याला त्यांनी हात लावलेला नाही. वहीत लिहितात: जुनं नुकसान, पाणी आणि तेल. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.

“घरी अजून किती आहेत?”

“अकरा.”

“आणि तेल कितींना लावलंय?”

“तिघांना.”

“ते तीन आधी आणा.”