केन जिंकला की केन खेळणारा?

(दादरला झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजचा विषय आहे स्पर्धांच्या आकड्यांवरून फायटिंग गेममधल्या, म्हणजे समोरासमोर लढायच्या व्हिडिओ गेममधल्या, कॅरेक्टरची ताकद कशी जोखायची. पद्धत सांगतोच, पण आधी जिन्यात ऐकलेला एक वाद. एक मुलगा मित्राला ठणकावत होता, "केन टॉप टियरच आहे, २०२३ ची एव्हो कोणी जिंकली ते बघ!"

केन हा स्ट्रीट फायटरमधला कॅरेक्टर, टॉप टियर म्हणजे सगळ्यात ताकदवान गटातला, आणि एव्हो म्हणजे फायटिंग गेमची मोठी वार्षिक स्पर्धा. मुलगा म्हणाला ते बरोबर आहे. लास वेगासला स्ट्रीट फायटर ६ साठी ७,०६१ जण उतरले होते आणि यूएईचा अँग्रीबर्ड केन घेऊन जिंकला. आता २०१४ ची एव्हो घ्या. अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४, निवडायला ४४ कॅरेक्टर, आणि फ्रान्सचा लफी जिंकला रोझ घेऊन. तेव्हा रोझ सगळ्यात भारी आहे असं कोणी म्हणालं का? नाही. सगळे म्हणाले, लफी भारी आहे. म्हणजे केन जिंकला तर श्रेय केनचं आणि रोझ जिंकली तर श्रेय लफीचं! कॅरेक्टर चांगला की वाईट हे आपण आधीच ठरवून बसतो आणि मग निकालातून हवा तेवढा पुरावा उचलतो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

इथून बाहेर पडलात की स्टेशनपर्यंत क्लासच्या जाहिराती दिसतील. गुणवंतांचे फोटो, खाली टक्के. क्लासने मुलं हुशार केली की हुशार मुलंच त्या क्लासला गेली, हे त्या फलकावरून कळत नाही. टॉप एटची, शेवटच्या आठ जणांची, यादी म्हणजे तसाच फलक. चांगले खेळाडू चांगल्या समजल्या जाणाऱ्या कॅरेक्टरकडे जातात, जिंकतात, आणि कॅरेक्टरचं नाव आणखी मोठं होतं.

आणि आपली आठवण तर त्याहून बेभरवशाची. २००४ च्या एव्होतला तो व्हिडिओ न पाहिलेलं कोणी आहे? हात वर करा. एकही नाही, छान. जस्टिन वाँगची चुन-ली, समोर दायगो उमेहाराचा केन, दायगोचं रक्त, म्हणजे पडद्यावरची उरलेली ताकद, जवळजवळ संपलेलं. चुन-लीचा सुपर, म्हणजे तिचा जबर हल्ला, सुटतो आणि दायगो त्यातला प्रत्येक फटका पॅरी करतो, अचूक वेळ साधून परतवतो, पंधराच्या पंधरा. आता सांगा, ती स्पर्धा जिंकली कोणी? ...बघा, कुजबुज सुरू झाली. दायगो नाही! ती मॅच होती लूझर्स फायनल, एकदा हरलेल्यांच्या गटातली फायनल. नंतर फायनलला दायगो केंजी ओबाटाच्या युनकडून हरला. जगाला केन लक्षात राहिला, निकालाच्या कागदावर युन आहे. मला ती पॅरी आजही पाहिली की काटा येतो, पण ताकद जोखायला बसलो की मी कागद बघतो.

आता तो कागद. माझी खरी तक्रार इथे आहे आणि ती मी सविस्तर मांडणार आहे, कारण या खोलीत स्पर्धा भरवणारी मंडळी बसली आहेत. मुंबईतल्या एका स्पर्धेनंतर मी आयोजकांना म्हटलं, "सगळ्या सेटचा डेटा द्याल का?" त्यांनी मोठ्या मनाने पूर्ण ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाशी खेळलं त्याचा तक्ता, पाठवलं. त्यात टॅग, म्हणजे खेळाडूंची टोपणनावं, होते, गुण होते, वेळसुद्धा होती. कॅरेक्टरचा रकाना नव्हता! अमुक जिंकला तमुकशी ३-१, म्हणजे सेटमधल्या चार गेमपैकी तीन. कशाने जिंकला? पत्ता नाही. विचारलं तर म्हणाले, "सर, व्हिडिओ आहे ना." व्हिडिओ होता, पण स्ट्रीमवर एकच सेटअप, म्हणजे खेळायचं एकच मशीन, होता. बाकीच्या सेटअपवर दिवसभर जे झालं ते खेळणाऱ्यांच्या डोक्यात राहिलं.

मग मी एकेकाला फोन लावत बसलो. एक म्हणाला, "केन खेळलो." ब्रॅकेटमध्ये त्याचा निकाल ३-१ असा होता. मी केनच्या खात्यात तीन विजय, एक हार लिहिणार, तेवढ्यात तो म्हणाला, "म्हणजे पहिली गेम ब्लांका घेतली होती, ती गेली, मग केन." म्हणजे ती हार ब्लांकाची, आणि केनचे तीनही विजय निर्भेळ. जिंकणाऱ्याने कॅरेक्टर बदलायचा नाही, हरणाऱ्याने बदलला तरी चालतो, हा नियम सगळ्यांना पाठ. त्याचा अर्थ असा की सेटचा निकाल लिहून भागत नाही, प्रत्येक गेमला दोन्ही कॅरेक्टर लिहायला हवेत. दुसरा फोन त्याच्या प्रतिस्पर्ध्याला केला. तो म्हणाला, "ब्लांका? नाही हो, सगळ्या गेम केनच होता." दोघेही प्रामाणिक, दोघांनाही पक्कं आठवतंय. कुठलं गणित लावायचं यावर? हे काम सेटअपजवळच्या माणसाने गेम संपताक्षणी केलं तर दहा सेकंदांचं आहे. आठवड्याने केलं तर ती नुसती गोळा केलेली मतं होतात.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं उरली. ठीक आहे, कबूल केलेली पद्धत आता भरभर.

पहिल्यांदा मिरर काढून टाका. केन विरुद्ध केन म्हणजे एक विजय, एक हार, कायम पन्नास टक्के. कॅरेक्टर जितका लोकप्रिय तितके मिरर जास्त, आणि त्याचा विन रेट, म्हणजे जिंकण्याची टक्केवारी, पन्नासकडे ओढला जातो. तसंच पॅचच्या, म्हणजे कंपनीने गेममध्ये केलेल्या बदलांच्या, आधीच्या आणि नंतरच्या गेम एकत्र करू नका. नर्फ झालेला, म्हणजे ताकद कमी केलेला, कॅरेक्टर हिशेबापुरता नवा कॅरेक्टर.

मग नमुना किती मोठा आहे ते बघा. ६४ जणांच्या डबल एलिमिनेशनमध्ये, म्हणजे दोनदा हरलं की बाद अशा स्पर्धेत, १६ जण पहिलेच दोन सेट हरून घरी जातात आणि विनर्स बाजूने न हरता आलेला विजेता फक्त सात सेट खेळतो. सातवरून काय सांगणार? शंभर गेमचा विन रेटसुद्धा साधारण दहा टक्के इकडे तिकडे होऊ शकतो, चारशेचा पाच. जपानी खेळाडू मॅचअप, म्हणजे दोन ठराविक कॅरेक्टरची गाठ, दहा गेमच्या भाषेत सांगतात, सहा-चार, सात-तीन. सहा-चार आणि पाच-पाच यांतला फरक दिसायलाच शंभर गेम लागतात. स्ट्रीट फायटर ६ आला तेव्हा १८ कॅरेक्टर होते, म्हणजे मिरर सोडून १५३ मॅचअप. प्रत्येकी शंभर धरल्या तर १५,३०० गेम. एकट्या मुंबईचं हे काम नाही, सगळ्या शहरांचे कागद एकाच नमुन्यात हवेत.

आता मुख्य गोष्ट, खेळाडूची ताकद वजा करणं. बुद्धिबळातलं एलो रेटिंग, म्हणजे निकालांवरून काढलेले ताकदीचे गुण, घ्या. दोनशे गुण वर असलेल्याने शंभरात सुमारे ७६ जिंकणं अपेक्षित. कोणी एखाद्या कॅरेक्टरने ८० जिंकला, तर कॅरेक्टरच्या नावावर फार तर ते वरचे चार. पण त्याचं रेटिंगही त्याच कॅरेक्टरने कमावलेलं असेल तर? गाठ तिथेच बसते, आणि ती सोडवतात दोन-दोन कॅरेक्टर खेळणारे. माणूस तोच, कॅरेक्टर वेगळा, फरक उघडा पडतो. फक्त हरल्यावर बदललेल्या गेम वेगळ्या ठेवा, कारण तेव्हा तो समोरच्याचा कॅरेक्टर पाहून निवडत असतो. शिक्षा म्हणून नव्हे, अभ्यासासाठी सांगतो, वर्षातून एक स्पर्धा अशी भरवा की प्रत्येकाने दोन कॅरेक्टर आधी लिहून द्यायचे आणि दोन्ही खेळायचे.

शेवटचं, आणि बसतो. रेटिंगची तुलना होते ती एकमेकांशी खेळणाऱ्यांची. २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान ॲश फेब्रुवारीत एव्हो जपान आणि ऑगस्टमध्ये लास वेगासची एव्हो, दोन्हीकडे टेकन ७ जिंकला. त्याआधी पाकिस्तानातले खेळाडू आपापसात वर्षानुवर्षं खेळत होते, पण बाहेर खेळायला फारसे जात नसल्याने जगाच्या आकड्यांत ते जवळपास नव्हतेच. कोरियाचा खेळाडू नी स्वतः पाकिस्तानात जाऊन खेळून आला, तेव्हा दोन बेटं जोडली गेली. आपलं पुण्याशी, बंगळूरशी किती खेळणं होतं? जे जातात त्यांच्या गेम या हिशेबात सगळ्यात मोलाच्या आहेत. म्हणून पुढच्या स्पर्धेला प्रत्येक सेटअपवर एक छापील कागद ठेवा. रकाने पाच: खेळाडू, समोरचा, दोघांचे कॅरेक्टर, गेमचा निकाल. नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, जाताना घेऊन जा.