पंप कधी बंद करायचा?

[दृश्य: दारव्हा तालुक्यातलं वावर. पऱ्हाटीच्या कडेला अर्धवट खोदलेली विहीर.]

वर काळी माती. खाली मुरूम, मग भेगाळलेला दगड आणि तळाला काळा पाषाण. यवतमाळकडच्या शिवारात विहीर खोदणाऱ्या माणसाला हे थर तोंडपाठ असतात. काठ कुठे ढासळेल, झरा कोणत्या अंगाने फुटेल, हे तो टोपल्यातला मुरूम पाहून सांगतो.

मुंबई मेट्रोची भुयारी स्टेशनं ज्या खडकात बसली आहेत, तोही याच कुळीचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. नागपूरची मेट्रो पुलावरून आणि थोडी जमिनीवरून धावते, त्यामुळे विदर्भात असं स्टेशन बघायला मिळत नाही. पण ते कसं बांधतात हे समजायला विहिरीचा काठ चांगली जागा आहे.

[दृश्य: मुंबई. भर रस्त्यात पत्र्याचं कुंपण.]

मुंबईची ३ क्रमांकाची मार्गिका ३३.५ किलोमीटरची. २७ स्टेशनांपैकी २६ जमिनीखाली. गाडी आठ डब्यांची, म्हणजे फलाटच सुमारे १८० मीटर लागतो. पंखे, वीज उपकेंद्र, पंपघर धरलं की खड्डा २०० मीटरच्या पुढे जातो. खोली साधारण २० ते २५ मीटर. जिने किती आणि केवढे रुंद, हे आगीचा हिशोब ठरवतो: फलाट ४ मिनिटांत रिकामा व्हायला हवा आणि शेवटचा माणूस ६ मिनिटांत सुरक्षित जागी पोचायला हवा.

मशीन उतरण्याआधी कुदळ-फावडं उतरतं. नकाशात जलवाहिनी एकीकडे असते, जमिनीत दुसरीकडे. म्हणून चाचणीचे खड्डे हातानेच घेतात. वाहिन्या आणि केबल हलवण्यातच महिनोन्‌महिने जातात, आणि वेळापत्रक पहिल्यांदा इथेच घसरतं.

[दृश्य: पाइलिंग रिग, म्हणजे खांबांसाठी भोक पाडणारं यंत्र. त्याचा फिरणारा ऑगर (मोठा गिरमिट), जवळून.]

आता भिंत. विहिरीत आधी खोदतात, बांधकाम नंतर. इथे उलटं: आधी भिंत, मग खोदाई. मऊ थरात एकाआड एक, लोखंड नसलेले, मुद्दाम कमी ताकदीच्या काँक्रीटचे खांब ओततात. मग दोन खांबांच्या मधोमध रिग उतरते आणि दोन्हींची कड कापत खाली जाते. त्या भोकात लोखंडी पिंजरा सोडून काँक्रीट भरलं की खांब एकमेकांत अडकतात. पहिले खांब जास्त दिवस ठेवले तर ते फार कडक होतात, ऑगर बिचकतो आणि भोक तिरपं जातं. शंभरात एक एवढा कल म्हणजे १५ मीटर खोलीवर १५ सेंटिमीटर. तेवढ्यात खांबांचा जोड उघडा पडू शकतो.

त्या फटीतून येणाऱ्या पाण्याचा रंग बघायचा. स्वच्छ असेल तर ते उपसायला पंप आहे. गढूळ असेल तर भिंतीमागची माती वाहून येतेय, वर रस्त्याखाली पोकळी तयार होतेय. खोदाई तिथेच थांबवून फट बुजवायची. यात तडजोड नाही.

पाषाण लागला की खांबांची गरज संपते. खडकात बोल्ट, वर जाळी, त्यावर फवाऱ्याचं काँक्रीट. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबडा, मऊ पट्टा लागतो. आपल्या विहिरींतही लागतो. तिथे बोल्ट जवळजवळ घ्यावे लागतात.

जसजसं खाली जावं तसतसे भिंतीपासून भिंतीपर्यंत पोलादी आडवे टेकू बसवतात आणि जॅकने आधीच दाब देऊन ठेवतात. टेकू बसायच्या आत ‘अजून मीटरभर काढून घेऊ’ म्हणणं हा सगळ्यात महागात पडणारा उतावीळपणा.

[दृश्य: खड्ड्याचा तळ. पाणी गोळा होणारा छोटा खड्डा, त्यात सबमर्सिबल पंप.]

शेजारी खोल विहीर झाली की आपली आटते. शहरातही तसंच: खड्ड्यातला उपसा वाढला की आजूबाजूचं भूजल उतरतं, माती दबते, जुन्या इमारतींना तडे जातात. म्हणून भोवती पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळ्या आणि इमारतींवर खुणा असतात. त्यांची नोंद रोज होते.

आणि मग मूळ प्रश्न: हा पंप कधी बंद करायचा? रिकामा सेप्टिक टँक पावसाळ्यात जमिनीतून वर उचलला जातो, हे गावात पुष्कळांनी पाहिलंय. स्टेशनचंही तेच. भूजल तळाच्या १८ मीटर वर असेल, तर दर चौरस मीटरला १८ टनांचा दाब खालून वर लागतो. दीड मीटर जाडीच्या तळस्लॅबचं वजन तेवढ्याच जागेवर जेमतेम पावणेचार टन. बाकीचा भार भिंती, मजले, छत आणि छतावरच्या भरावाने द्यायचा. तरी कमी पडला तर तळ खालच्या खडकाशी जखडायचा. हे सगळं होईपर्यंत पंप चालूच. वीज गेली तर जनरेटर, तो बंद पडला तर दुसरा.

जाड स्लॅबची आणखी एक अडचण म्हणजे उष्णता. सिमेंट घट्ट होताना तापतं. गाभा ७० अंशांच्या आत ठेवायला थोड्या पाण्याऐवजी बर्फ घालतात आणि थोड्या सिमेंटच्या जागी कोळशाची राख, चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांतून निघते तशी.

[दृश्य: तयार स्टेशन, ओलसर भिंत.]

छतावर भराव पडला, हिशोब पुन्हा तपासला, की पंप एकेक करून थांबवतात. नळ्यांतलं पाणी हळूहळू चढतं. माणसं टॉर्च घेऊन भिंतीवरून फिरतात, ओल दिसली की खडूने गोल करून तारीख लिहितात. बहुतेक ओल स्लॅब आणि भिंतीच्या जोडाशीच सापडते. तिथे तिरपं भोक पाडून, पाणी लागताच फुगणारं रेझिन दाबाने भरतात. आठवड्याने तोच गोल पुन्हा पाहतात.