आधी बोलणं, मग दोरी

(दृश्य: गोव्यातल्या आसगावातलं कौलारू घर. बाहेर पाऊस. जेवणाच्या टेबलावर चहाचे कप आणि एक वही.)

निवेदन:

या दोघांचे चेहरे आपण पाहणार नाही, नावंही घेणार नाही. ती डिचोलीची, तो फोंड्याचा. दोघांनीही तिशी ओलांडलीय. आज रात्री तो तिला दोरीने बांधणार आहे, तिच्याच इच्छेने. त्याबद्दलचं बोलणं दुपारपासून चाललंय.

"डावा खांदा कसा आहे?"

"अजून दुखतो. हात मागे नको, पुढे बांध."

तो वहीत लिहून घेतो.

बीडीएसएम म्हणजे बांधणं, हुकमत, वेदना यांचा दोघांच्या संमतीने चालणारा कामुक खेळ. त्यातला जो भाग खऱ्या इजेच्या अगदी काठाने जातो, त्याला एज प्ले म्हणतात. त्यात सुरी येते, आग येते, श्वास रोखणंही येतं. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघटनेतून 'सुरक्षित, शहाणपणाचं, संमतीचं' हे सूत्र पुढे आलं. नंतर अनेकांना ते अपुरं वाटलं, कारण काठावर पूर्ण सुरक्षित असं काही नसतं. मग 'रॅक' आलं: धोका नेमका कोणता, हे दोघांनाही ठाऊक हवं आणि होकार तो जाणून दिलेला हवा.

(दृश्य: दोरी, शेजारी बोथट टोकाची कात्री.)

दंडाच्या बाहेरच्या बाजूने, हाडाला लागून एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. तिच्यावर दोरी दाबली गेली तर मनगट लुळं पडतं आणि बरं व्हायला आठवडे, कधी महिने जातात. म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने तिला मनगट वर उचलायला सांगतो. पावसाळ्यात तागाची दोरी ओल धरते, गाठ आवळत जाते. नखांनी सोडवत बसायचं नाही, सरळ कापायची. मापशाच्या बाजारातली काथ्याची दोरी तर त्यांनी केव्हाच बाद केली. ती कातडं सोलते.

'लाल' म्हटलं की थांबायचं, 'पिवळा' म्हटलं की सबुरीने घ्यायचं. बोलता येणार नसेल तर तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा असतो. तो खाली पडला की सगळं बंद.

पण असा थांबवणारा शब्द, म्हणजे सेफवर्ड, ठरलाय म्हणून निर्धास्त होणं मला पटत नाही. बांधलेली व्यक्ती कधी कधी अशा तंद्रीत जाते की दुखतंय हेच तिला जाणवत नाही. तिच्या तोंडून शब्द निघेल म्हणून वाट पाहत राहणं, हा बेजबाबदारपणा झाला. नजर बांधणाऱ्याची हवी, थांबायचं भानही त्याचंच. त्या तंद्रीत ती नव्या कशाला 'हो' म्हणाली, तरी ते करायचं नाही. टेबलाशी ठरलं त्याहून कमी चालेल, जास्त नाही.

गळा आवळण्याबद्दल आडपडदा न ठेवता सांगते: त्याची सुरक्षित पद्धत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा अडला की दहा-एक सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, आणि मग जुडगा असो वा शब्द, काहीच उपयोगाचं नाही. रक्तवाहिनीला इजा झाली तर पक्षाघात काही दिवसांनीही गाठू शकतो. या दोघांच्या वहीत त्यावर काट मारलेली आहे.

दारूही नाही, उर्राकाच्या मोसमातसुद्धा नाही. नशेत आपण कशाला होकार देतोय हेच ज्याला कळत नाही, त्याची संमती भारतीय न्याय संहितेचं कलम २८ संमती मानत नाही.

(दृश्य: वहीचं शेवटचं पान.)

प्रौढांनी राजीखुशीने केलेल्या या गोष्टीला जागतिक आरोग्य संघटनेची, २०२२ पासून लागू झालेली वर्गवारी आजार मानत नाही. तरी लाज वाटतेच. त्यात गोवा लहान, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, कुणी ना कुणी ओळखीचं निघतं. लाजेपायी मदत मागायला उशीर झाला, तर साध्या इजेची मोठी होते. म्हणून दोघांनी लिहून ठेवलंय: शुद्ध हरपली, मनगट उचललं नाही, भाजलं, तर लगेच १०८. आणि डॉक्टरांना घडलं तेच सांगायचं.

"तुझी आत्या तिथे नर्स आहे. तरी?"

"तरी."