गादीची भूक

नमस्कार. मी बोलायला उभी राहिल्यापासून समोर बरीच चुळबुळ चालू आहे. चालू द्या. आजच्या विषयाला ती धरूनच आहे.

माझ्याकडे पाठ-कंबर दुखते म्हणून येणारे बहुतेक जण निदान सोबत घेऊनच येतात. "मॅडम, गादी सरकलीय." "मणक्यात गॅप आलाय." आता ही गादी म्हणजे काय, ते आधी बघू. मणक्यांच्या मध्ये अशा २३ गाद्या, म्हणजे लवचीक चकत्या, असतात. मोठ्या माणसाच्या गादीत आतपर्यंत रक्तवाहिन्या पोचतच नाहीत. मग तिला खाऊपिऊ कोण घालतं? तुमची हालचाल. दाब पडला की गादीतलं थोडं पाणी बाहेर जातं, दाब उतरला की परत आत येतं, आणि आजूबाजूच्या हाडातून पोषण सावकाश झिरपत राहतं. चार तास एकाच जागी बसलात की ही ये-जा मंदावते.

रात्री आडवं झाल्यावर गादी पाणी पिऊन फुगते. म्हणून सकाळी आपली उंची एक ते दोन सेंटीमीटर जास्त भरते. खोटं वाटत असेल तर उठल्याबरोबर आणि झोपायच्या आधी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून बघा. अशा फुगलेल्या गादीवर वाकताना ताणही जास्त येतो. तेव्हा उठल्यावर पहिला तासभर कमरेतून वाकून बादली उचलू नका. पुष्कळांची उसण त्या वेळेला भरते.

आणि त्या 'गॅप'बद्दल, म्हणजे गादीच्या झिजेबद्दल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. म्हणजे रिपोर्टमधली झीज बऱ्याचदा केसांच्या पांढरेपणासारखी असते. रिपोर्ट वाचून अंथरूण धरू नका. १९८६ सालच्या एका प्रयोगात साध्या कंबरदुखीला दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच उपयोगी ठरली होती.

आता स्ट्रेचिंग. दोनच सांगते, पण ती करा. खुर्चीत बसून मांडीच्या सांध्यापुढचा स्नायू आखडतो. एक गुडघा जमिनीवर टेकवा, दुसरा पाय पुढे, पोट किंचित आत, आणि कंबर न वाकवता शरीर हळूच पुढे न्या. दुसरं, उताणं झोपून तळपायाला टॉवेल अडकवा आणि पाय वर घ्या. गुडघा जरा वाकला तरी चालेल. तुम्ही 'शिरा आखडल्या' म्हणता ना, ते मांडीमागचे स्नायू असतात. दोन्हींत वीस ते तीस सेकंद थांबायचं, श्वास चालू, हिसके नाहीत. ताण जाणवावा, कळ येऊ नये. कळ पायात उतरली तर तिथेच सोडून द्या.

पण नुसत्या ताणण्यावर भिस्त ठेवू नका, हे माझ्या, म्हणजे व्यायाम शिकवण्याच्या, धंद्याला जरा महागात पडलं तरी सांगते. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांच्या अभ्यासाचे निकाल आले. हे सगळे कंबरदुखीतून नुकते बरे झालेले. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्याचा कार्यक्रम आखून दिला आणि दुखण्याची नीट माहिती दिली, त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले. काहीच न दिलेल्यांत ११२. चालणं आणि माहिती, एवढंच! कमरेचा पट्टा बांधून दुखणं टळतं, असा भरवशाचा पुरावा मात्र नाही.

"ताठ बस" म्हणून पोरांना ओरडणंही कमी करा. ताठ बसूनही तासन्‌तास हललं नाही तर पाठ अवघडणारच. अर्ध्या तासाने उठा, फोन उभ्याने घ्या. ओझं अंगाजवळ धरा, वळायचं झालं तर पावलं वळवा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुखण्यासोबत ताप असेल किंवा वजन उगाच उतरत असेल तरीही दाखवून घ्या.

बराच वेळ बसलात. उठा सगळे, हात कमरेवर घ्या, थोडं मागे झुका. प्रश्न उभ्यानेच विचारा.