निराधारांचे अर्थसाहाय्य कुठे अडते आणि गावाने ती बातमी कशी पोहोचवावी

नमस्कार. घरातला कमावता माणूस गेल्यानंतर त्या घराला शासनाकडून नेमकी कोणती मदत मिळू शकते, असे कोणत्याही गावात विचारले तर बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येते : ‘संजय गांधीचा पगार’. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. त्या घराला मिळू शकणाऱ्या आणखी दोन-तीन गोष्टी कुणी सांगत नाही, आणि जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे तिचे पैसे मध्येच का थांबतात, हे विचारायला कुठे जावे तेही कुणाला ठाऊक नसते. महाराष्ट्रात अर्थसाहाय्याच्या योजना कमी नाहीत. कमी आहे ती त्यांची अचूक आणि वेळेवर पोहोचणारी बातमी, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम मुख्य योजनेबद्दल बोलू. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून सुरू आहे. अठरा ते पासष्ट वर्षे वयाच्या विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचे पोट भरू न शकणारे लोक, तृतीयपंथी व्यक्ती आणि अनाथ मुले यांचा तिच्यात समावेश होतो. वयाची पासष्टी ओलांडलेल्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. दोन्ही योजनांत अर्जदार किमान पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. मासिक साहाय्य १००० रुपये होते, ते जुलै २०२३ पासून १५०० रुपये झाले, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये करण्यात आले आहे. आपल्या घरात किंवा शेजारी दिव्यांग लाभार्थी असतील, तर त्यांच्या पासबुकात जुनीच रक्कम जमा होत नाही ना, हे कृपया आजच तपासावे. दिव्यांगत्वाची नोंद आणि दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचा (यूडीआयडी) तपशील कार्यालयाच्या नोंदीत नसेल, तर वाढीव रकमेचा लाभ अडून राहू शकतो.

दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्या वृद्धांच्या रकमेत केंद्र सरकारचाही वाटा असतो. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला तेव्हा वृद्धांसाठी केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये होता. पुढे तो २०० रुपये झाला आणि ऐंशी वर्षांवरील व्यक्तींसाठी ५०० रुपये झाला. त्यानंतर इतकी वर्षे उलटली, तरी तो तेथेच आहे. उरलेली रक्कम राज्य सरकार भरते, म्हणून हाती १५०० रुपये पडतात.

आता उत्पन्नाच्या अटीकडे वळतो, कारण सर्वाधिक अर्ज येथेच अडखळतात. या दोन्ही योजनांसाठी कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे लागते, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १७५० रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हे, संपूर्ण कुटुंबाचे. शेतमजुरीला आठवड्यातून दोन दिवस जाणारी विधवासुद्धा या मर्यादेत प्रामाणिकपणे बसणे कठीण आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. दोन्ही योजनांतून महिन्याला तेवढेच १५०० रुपये मिळत असताना, ज्या स्त्रीला कुणाचाच आधार नाही तिच्यासाठी मर्यादा बारा पटींनी कडक असावी, हे मला न्याय्य वाटत नाही. ही मर्यादा वाढावी, अशी मागणी आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे लेखी स्वरूपात केली पाहिजे. एक नियम मात्र लक्षात ठेवावा : शासनाच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून दरमहा १५०० रुपये किंवा त्याहून अधिक मिळत असतील, तर त्या स्त्रीला लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही. दोन्हीकडे अर्ज करून ठेवा, असा सल्ला गावोगाव दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि पडताळणीत त्याचा त्रास सल्ला देणाऱ्याला होत नाही, त्या स्त्रीलाच होतो.

ज्यांची बातमी सर्वात कमी पोहोचते, त्या दोन योजना आता सांगतो. पहिली राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील अठरा ते एकोणसाठ वर्षे वयाची कमावती व्यक्ती मरण पावली, मग मृत्यू नैसर्गिक असो वा अपघाती, तर त्या कुटुंबाला २०,००० रुपये एकदाच मिळतात. हा अर्जही तहसील कार्यालयातच करायचा असतो. दिवसकार्याच्या खर्चासाठी कुटुंबे सावकाराकडे जातात आणि ज्या कार्यालयात पुढे ‘पगारा’साठी खेटे घालायचे, त्याच कार्यालयात हा दुसरा अर्ज करता येतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. दुसरी योजना महिला व बाल विकास विभागाची आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अनाथ मुलांना, तसेच आई किंवा वडील यांपैकी एक पालक गमावलेल्या गरजू मुलांना, वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. या योजनेचा अर्ज तहसीलमध्ये होत नाही. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाकडे जावे लागते आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. विभाग वेगळा, कार्यालय वेगळे आणि तेही जिल्ह्याच्या गावी, म्हणून ही योजना तालुक्याच्या पायरीवर कुणाच्या बोलण्यात येत नाही.

कमावता माणूस गेलेल्या घराच्या या सर्व अर्जांचा पाया म्हणजे मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी, असा कायदा आहे. मुदत उलटली की विलंबाची परवानगी, शुल्क आणि प्रतिज्ञापत्र यांचा फेरा सुरू होतो. दुःखाच्या घरी कागदाचा विषय काढणे बरे दिसत नाही, असे आपल्याला वाटते, आणि त्या संकोचामागची भावना मी समजू शकतो. तरीही भाऊबंदांपैकी किंवा शेजाऱ्यांपैकी एकाने ही नोंद करण्याचे काम स्वतःकडे घेतले, तर त्या घरावर फार मोठे उपकार होतात.

पुढचा टप्पा अर्जाचा. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. रहिवासाचा, वयाचा आणि उत्पन्नाचा पुरावा, आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि आपल्या प्रवर्गाचे कागद, म्हणजे मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा आदेश किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, एवढे जोडावे लागते. तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, त्यांच्याकडून चौकशी होते आणि प्रकरण तालुकास्तरीय समितीच्या बैठकीपुढे जाते. येथे एकच आग्रह धरतो : अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच नसेल तर आपण अर्ज केला होता, हे सिद्ध करणे कठीण होते. ‘तुमचे काम करून देतो’ म्हणून पैसे मागणारा मध्यस्थ पोच कधी देत नाही, यावरूनही त्याची ओळख पटते.

आता पैसे थांबण्याविषयी, आणि या भागावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

(पडद्यावर : खाते ‘आधार’ला जोडलेले असणे आणि खाते डीबीटीसाठी मॅप असणे)

अर्ज मंजूर होतो, काही महिने पैसे येतात आणि मग अचानक बंद होतात. बँकेत विचारले तर खाते चालू आहे, आधारही जोडलेले आहे, असे उत्तर मिळते. तहसीलमध्ये विचारले तर पैसे पाठवले आहेत, असे सांगतात. दोघेही खरे बोलत असतात आणि वृद्ध माणूस दोन कार्यालयांच्या मध्ये हेलपाटे घालत राहतो. याचे कारण असे, की आता रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने जाते, आणि ती खाते क्रमांक पाहून न जाता आधार क्रमांक पाहून जाते. कोणत्या आधार क्रमांकाचे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे, याची नोंद भारतीय राष्ट्रीय भुगतान निगम, ज्याला बँकेत सगळे एनपीसीआय म्हणतात, त्या संस्थेकडे असते. एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकाच बँकेची नोंद राहते आणि सर्वात शेवटी जोडलेली बँक आधीच्या बँकेची जागा घेते. म्हणून आजींनी दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी, किंवा बचत गटाच्या कामासाठी, नवे खाते उघडताना तेथे संमतीपत्रावर अंगठा दिला असेल, तर त्यांचा ‘पगार’ त्या नव्या खात्यात जाऊ लागतो आणि जुन्या पासबुकात काहीच दिसत नाही. अनेकदा पैसे बुडालेले नसतात, ते दुसऱ्या खात्यात शांतपणे साठत असतात.

त्यामुळे बँकेत गेल्यावर ‘आधार जोडले आहे का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर जवळजवळ नेहमीच होकारार्थी येते. ‘माझ्या आधारचे डीबीटी मॅपिंग कोणत्या बँकेत आहे’ असे विचारावे. आधारशी मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे याची, स्थिती कुणालाही घरबसल्या पाहता येते. हे पाहण्यासाठी मोबाइलवर जो ओटीपी येतो, तो लाभार्थ्याने स्वतःच्या विश्वासातील माणसाच्या साक्षीने स्वतःच टाकावा. फोनवरून ओटीपी मागणारा माणूस शासनाचा नसतो, मग तो कितीही आदराने बोलत असो.

थांबण्याची दुसरी दोन कारणे साधी आहेत. दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला राहून जातो, किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. आणि येथेच बातमीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि काही वेळा लहान मुले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जे सांगितले जाते ते फडावर असलेल्या मुला-सुनेच्या कानावर जात नाही, आणि गावात राहिलेल्या आईला सभेपर्यंत कुणी नेत नाही. एक दिलासा असा, की एक देश एक शिधापत्रिका व्यवस्थेमुळे स्थलांतरित कुटुंब आपले धान्य कामाच्या ठिकाणच्या रास्त भाव दुकानातून घेऊ शकते. हयातीच्या दाखल्यासाठी मात्र गावातील वृद्धांकडे कुणीतरी जाऊनच पाहावे लागते.

म्हणून गावाच्या किंवा वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर योजनेची बातमी टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘निराधारांसाठी आनंदाची बातमी, सर्वांनी लाभ घ्यावा’ असा संदेश पुढे पाठवून कुणाचेही भले होत नाही. त्या संदेशाला तारीख नसते, कार्यालय नसते, आणि तो दोन वर्षांपूर्वीचाही असू शकतो. संदेश असा असावा :

(पडद्यावर) ‘ज्या निराधार व श्रावणबाळ लाभार्थ्यांचे पैसे आलेले नाहीत, त्यांनी आधार कार्ड व पासबुक घेऊन सोमवारी सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायत कार्यालयात यावे. ज्यांना चालता येत नाही, त्यांच्या घरी आम्ही येऊ. शुल्क नाही.’

खाली पाठवणाऱ्याचे नाव आणि दिनांक असावा. रकमेत किंवा अटीत बदल झाल्याचे सांगायचे असेल, तर शासन निर्णयाचा दिनांकही द्यावा, कारण शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो आणि तो तेथे सापडला नाही तर बातमी पुढे पाठवू नये. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांच्यासाठी रास्त भाव दुकानाच्या दारावर हाच मजकूर मोठ्या अक्षरांत लावावा, आणि आशाताईंना व अंगणवाडी सेविकांना तो तोंडी सांगावा. कोणत्या घरात कोण एकटे आहे, हे त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.

एवढे करूनही कार्यालयातून उत्तर आले नाही, तर विनवण्या करत राहण्याची गरज नाही. उत्पन्न, वय आणि रहिवासाचे दाखले महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहेत. प्रत्येक सेवेची मुदत, शुल्क आणि ती देणारा पदनिर्देशित अधिकारी यांची माहिती कार्यालयाने फलकावर लावणे या कायद्याने बंधनकारक आहे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते, त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग आहे. विनाकारण सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये शास्ती होऊ शकते. अर्थसाहाय्याचा अर्ज कुठे पडून आहे हे जाणून घ्यायचे असल्यास माहितीचा अधिकार वापरावा. त्याचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्जात ‘माझे पैसे का आले नाहीत’ असे लिहू नये. ‘माझ्या अमुक दिनांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असे लिहावे, कारण या कायद्याने कागदाची प्रत मागता येते, कारणांचा खुलासा मागितला तर तो टाळला जातो.

आपल्या गावात या कामाला सुरुवात करायची असेल, तर १ मेची ग्रामसभा सर्वात सोयीची आहे, कारण तोवर ऊसतोडीची बहुतेक कुटुंबे परतलेली असतात. सभेच्या आधीच ग्रामपंचायतीला लेखी पत्र देऊन विषयपत्रिकेत हा विषय घालून घ्यावा. तहसील कार्यालयाकडून गावातील लाभार्थ्यांची यादी मागवावी, ज्यांचे पैसे थांबले आहेत ती नावे सभेआधी त्यांच्या घरी जाऊन निश्चित करावीत, आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहून घ्यावे : बँकेचे मॅपिंग, हयातीचा दाखला, की उत्पन्नाचा दाखला. पहिल्या कारणासाठी बँकेत, उरलेल्या दोन्हींसाठी तहसीलमध्ये त्यांच्यासोबत कोण जाणार आणि कोणत्या दिवशी जाणार, हेही त्याच सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.