शेवटच्या ओळीतली नावं

(दृश्य: पंचगंगा, राजाराम बंधारा. पावसाळ्यातलं गढूळ पाणी.)

युद्धाची बातमी लिहिणाऱ्या परदेशी वार्ताहराचा वाचक त्या युद्धात नसतो. तो खूप लांब, आपल्या घरात बसलेला असतो. त्या देशातली गावं, नद्या, घाट त्याला ठाऊक नसतात. कोण कुणाशी कधीपासून लढतंय, हेही ठाऊक नसतं. चारशे-पाचशे शब्दांत त्याला ते कळलं पाहिजे, आणि त्यात खोटं काही जाता कामा नये.

हे काम काय असतं, ते कोल्हापूरनं जवळून पाहिलं आहे. युद्धात नव्हे, महापुरात.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि बाहेरचे पत्रकार कॅमेरे घेऊन इकडे येऊ लागले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. राधानगरी धरणाचा एकेक स्वयंचलित दरवाजा उघडला की गंगावेशेत कुणाच्या पोटात गोळा येतो, हेही आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्याला मात्र सगळंच सांगावं लागलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं आपल्याकडचा पूर वाढतो असं मानणाऱ्या शिरोळच्या माणसाला त्या धरणाचा राग का येतो, इथपासून.

ते कुणी सांगितलं? शिरोळ, कुरुंदवाडच्या तालुका वार्ताहरांनी. होडी त्यांनी मिळवून दिली, कुठला रस्ता अजून चालू आहे ते त्यांनी फोन करून विचारलं, माणसांशी बोलणं करून दिलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं. टीव्हीच्या ओबी व्हॅन परत गेल्या, तेव्हा हे वार्ताहर चिखल काढत होते आणि पंचनाम्यांच्या बातम्या देत होते.

युद्धात हेच काम करणाऱ्या माणसाला परदेशी पत्रकार ‘फिक्सर’ म्हणतात. तो दुभाषी असतो, अनेकदा गाडीही तोच चालवतो, आणि बहुतेक वेळा तो स्वतःच कसलेला पत्रकार असतो. आज कुठल्या नाक्यावर कुणाची माणसं उभी आहेत हे तो सकाळी चार ठिकाणी फोन करून ठरवतो. समोरचा माणूस खरं बोलतोय की घाबरून बोलतोय, हे आवाजावरून त्याला कळतं. परदेशी वार्ताहराच्या खिशात पासपोर्ट असतो. याचं घर, आईवडील, पोरंबाळं तिथंच असतात.

(दृश्य: नॉम पेन्ह शहराची जुनी छायाचित्रं.)

१७ एप्रिल १९७५. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या हाती पडली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे सिडनी शॅनबर्ग आणि त्यांचे कंबोडियन सहकारी डिथ प्रान शहर सोडून गेले नव्हते. बंदूकधाऱ्यांनी शॅनबर्ग आणि त्यांच्याबरोबरच्या परदेशी पत्रकारांना पकडलं, तेव्हा प्रान यांनी विनवण्या करकरून त्यांचा जीव वाचवला. पुढे सगळे फ्रेंच वकिलातीत शिरले. परदेशी लोकांना तिथं आसरा मिळाला. प्रान कंबोडियन होते, त्यांना बाहेर पडावं लागलं.

१९७६ मध्ये शॅनबर्ग यांना पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. ते त्यांनी स्वतःच्या आणि प्रान यांच्या वतीनं स्वीकारलं. त्या वेळी प्रान जिवंत आहेत का, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. प्रान शेतात राबत होते, उपाशी होते, आणि आपण शिकलेले आहोत हे कुणाला कळू देत नव्हते, कारण शिकलेल्या माणसाला तिथं मारत होते. १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये ते सीमा ओलांडून थायलंडला पोचले. नंतर त्याच वृत्तपत्रात छायाचित्रकार झाले.

ही गोष्ट जगाला कळली, कारण शॅनबर्ग गप्प बसले नाहीत. एरवी काय होतं, ते मी आतून पाहिलं आहे. कोल्हापुरात वृत्तपत्राच्या डेस्कवर मी बरीच वर्षं देश-विदेशचं पान लावलं. रॉयटर्स, एपी, एएफपी या जागतिक वृत्तसंस्थांची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, येते. वर एक-दोन नावं असतात आणि अगदी तळाला एक ओळ असते: आणखी वार्तांकन अमुक आणि तमुक यांचं. ती नावं त्याच देशातली असतात. पानावर जाहिरात आली, जागा कमी पडली, की बातमी खालून कापायची हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज. म्हणजे पहिली कात्री त्या ओळीवर. भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात १८५० पासून कोल्हापूरकर जगाच्या बातम्या वाचत आले आहेत. त्या वाचकापर्यंत ती नावं कधी पोचलीच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अर्थात नाव छापणं हाच कधीकधी धोका असतो. ते छापू नका, असं स्थानिक पत्रकार स्वतःच सांगतो, आणि तेव्हा त्याचं ऐकायलाच हवं. ते ठरवण्याचा हक्क त्याचा आहे, आमच्या जाहिरातीच्या जागेचा नाही.

२००७ च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये तालिबाननं तिघांना पळवलं: एका इटालियन दैनिकाचा पत्रकार, त्याचा दुभाषी अजमल नक्शबंदी आणि चालक सय्यद आगा. चालकाचा शिरच्छेद झाला. इटालियन पत्रकाराच्या बदल्यात पाच तालिबानी कैदी सोडले गेले, तो घरी परतला. अजमल मागे राहिला. एप्रिलमध्ये त्यालाही मारलं. तो स्वतः पत्रकार होता.

(दृश्य: म्यानमारचा नकाशा. राखाईन प्रांत.)

आता शेजारच्या म्यानमारमध्ये या. सप्टेंबर २०१७ मध्ये इन दिन या गावात दहा रोहिंग्या मुस्लीम पुरुषांना मारून एकाच खड्ड्यात पुरलं. वा लोन आणि चॉ सो ऊ हे रॉयटर्सचे दोन तरुण बातमीदार, दोघेही म्यानमारचेच. त्यांनी गावातल्या बौद्ध माणसांकडून, अगदी मारणाऱ्यांकडूनही हकीकत मिळवली, छायाचित्रं मिळवली. त्या वर्षीच्या १२ डिसेंबरला पोलिसांनी त्यांना भेटायला बोलावलं, हातात कागद दिले आणि ते कागद बाळगल्याबद्दल लगेच पकडलं. हा सापळा होता, असं एका पोलीस अधिकाऱ्यानंच कोर्टात सांगितलं. त्यालाही तुरुंगात टाकलं.

दोघा बातमीदारांना सात वर्षांची शिक्षा झाली ती १९२३ च्या गोपनीयतेच्या कायद्याखाली. ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानात होता, तेव्हाचा हा कायदा. आपल्याकडे तो अजूनही लागू आहे. वा लोन तुरुंगात असतानाच त्यांना मुलगी झाली. पाचशेहून जास्त दिवसांनी, मे २०१९ मध्ये दोघे सुटले. ज्या सात सैनिकांना या हत्यांबद्दल दहा वर्षांची सक्तमजुरी झाली होती, ते एक वर्षही पुरं न करता आधीच घरी गेले होते. खून करणाऱ्यांपेक्षा बातमी देणारे जास्त दिवस आत राहिले.

रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी आपले होते, दिल्लीच्या जामिया विद्यापीठात शिकलेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीतल्या जळत्या चितांची त्यांनी काढलेली छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर तीनच महिन्यांत, १६ जुलै २०२१ ला, अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्डाकमध्ये ते मारले गेले.

(दृश्य: वळीवडे रेल्वे स्थानक, मग गांधीनगरची बाजारपेठ.)

आणि जिथं कुणी बातमीदार पोचतच नाही, तिथं? त्याचंही उत्तर कोल्हापूरच्या वेशीवर आहे. १९४३ ते १९४८ या काळात वळीवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. १९४० पासून सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे धाडलं होतं. थंडीत, उपासमारीत किती माणसं गेली, त्याची बातमी द्यायला तिथं परदेशी वार्ताहर नव्हता. जगली वाचली ती माणसं इराणमार्गे इथवर आली. कोल्हापूरकरांना दुसऱ्या महायुद्धाची ही बाजू वर्तमानपत्रातून नाही, आगगाडीतून उतरणाऱ्या पोरांच्या तोंडावरून कळली. पुढं त्याच परिसरात फाळणीनं घर गेलेली सिंधी माणसं आली. आज आपण तिथं कापड खरेदीला जातो.

२०२३ च्या ऑक्टोबरनंतर इस्रायलनं परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलं नाही. लष्कराबरोबर, लष्कर दाखवेल तेवढंच. त्यामुळे गाझाबद्दल आपण जे पाहिलं, त्यातलं जवळजवळ सगळं तिथल्याच पॅलेस्टिनी पत्रकारांनी पाठवलं. स्वतः तंबूत राहून, पिठासाठी रांगेत उभं राहून. जुलै २०२५ मध्ये एएफपी, एपी, रॉयटर्स आणि बीबीसीला एकत्र निवेदन काढून सांगावं लागलं, की आमच्या माणसांना खायला मिळत नाही. पुढच्याच महिन्यात, २५ ऑगस्टला, खान युनिसच्या नासर रुग्णालयावरच्या हल्ल्यात पाच पत्रकार गेले. हुसाम अल-मसरी. मरियम दग्गा. मोहम्मद सलामा. मुआझ अबू ताहा. अहमद अबू अझीझ. मसरी त्या वेळी रॉयटर्ससाठी तिथून थेट चित्रण पाठवत होते. चित्रण मध्येच तुटलं.

(दृश्य: शिवाजी विद्यापीठाचा परिसर. विद्यार्थी.)

इथं पत्रकारिता शिकणाऱ्यांतलं कुणी उद्या अशा देशात जाईल. जावं, अशी माझी इच्छा आहे; मराठी वाचकानं जग नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांनी का पाहावं? जाण्याआधी रक्तस्राव थांबवायला शिका. आणि संपादकाला एक गोष्ट विचारा: माझ्याबरोबरच्या चालकाला, दुभाष्याला गोळी लागली, तर दवाखान्याचा खर्च कोण देणार? त्याला अटक झाली तर वकील कोण देणार? २०१५ मध्ये अनेक जागतिक वृत्तसंस्थांनी सुरक्षेची तत्त्वं मान्य केली, त्यात मुक्त आणि स्थानिक पत्रकारांची काळजी स्वतःच्या नोकरदारांइतकीच घ्यायची, असं म्हटलं आहे. ती तत्त्वं संपादकासमोर ठेवा. विम्याच्या कागदावर तुमच्या नावाखाली त्या दोघांची नावं आहेत का, ते पाहा. नसतील, तर ती घातल्याशिवाय विमानात बसू नका.