लघवी गळते म्हणजे पिशवी रिकामी होते असं नाही

नमस्कार श्रोतेहो.

आज लघवीच्या तक्रारींबद्दल बोलणार आहे. घरात चारचौघं बसलेली असतील आणि कुणी रेडिओ बंद करायला उठलं असेल, तर त्यांना बसवा. हे सगळ्यांनी मिळून ऐकायचं आहे.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांमध्ये असणारी ग्रंथी. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली. तरुण वयात तिचं वजन साधारण २० ग्रॅम असतं. चाळिशी उलटली की बहुतेकांची ती हळूहळू वाढू लागते आणि मधली वाट आवळत जाते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते, संपल्यासारखी वाटते तोच पुन्हा थेंब येतात, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण ती कर्करोग नाही म्हणून दुर्लक्ष करण्यासारखी आहे, असंही नाही.

यातली एक गोष्ट मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. वयस्कर माणसाची लघवी गळते, अंथरुणात होते, म्हणजे त्याची पिशवी रिकामी होते असं नाही. बऱ्याचदा ती काठोकाठ भरलेली असते म्हणून गळते. टाकी भरली की वरून वाहते, तसं.

माझ्याकडे एक शिंपीकाका आले होते. सत्तरी ओलांडलेले. बरोबर मुलगा आणि सून. काका खुर्चीत बसायच्या आधीच मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, बाबांना रात्री कळत नाही, गादी ओली होते. डायपर कुठला लावायचा तेवढं सांगा.’ मी काकांना विचारलं, ‘कधीपासून होतंय?’ उत्तर सूनबाईंनी दिलं. मी विचारलं, ‘जोर करावा लागतो का?’ उत्तर मुलाने दिलं. दोघंही मायेने बोलत होती, पण मधे बसलेला माणूस गप्प.

इथे माझं एक ठाम मत सांगतो. रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तर घरच्यांनी त्याच्या वतीने उत्तरं देऊ नयेत. दवाखान्यात नाही, बँकेत नाही, कार्यालयात नाही, कुठेच नाही. माणूस म्हातारा झाला की आपण त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागतो, आणि मग तो बोलणंच सोडून देतो. असो.

मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर काकांनी पिशवीतून कापडाच्या घड्या काढल्या. जुन्या सुती कापडाच्या, चार पदरी, कडेने एकसारखी बारीक टीप मारलेल्या. आतल्या चड्डीत ठेवायला त्यांनी स्वतः शिवल्या होत्या. रात्री सगळे झोपले की ते त्या धुऊन माळ्यावर वाळत घालायचे. ‘दिवसाही ओलं होतं,’ म्हणाले. ‘घरात कुणाला सांगितलं नाही. म्हणून पाणीच कमी केलं.’ आधी एका ठिकाणी त्यांना लघवी रोखणारी गोळी मिळाली होती. ती घेतल्यावर गळणं आणखी वाढलं होतं.

तपासणीच्या टेबलावर चढताना त्यांनी पँट सैल केली, आणि मला कंबरेची शिलाई दिसली. जुनी टीप उसवून, नवी टीप मारून कंबर दोन बोटं ढिली केलेली. मनगटं बारीक, गालफडं बसलेली, आणि कंबर मात्र वाढलेली. मी विचारलं, तर म्हणाले, ‘पोट सुटलंय, साहेब. भूक तर लागत नाही, तरी सुटलंय.’

ते पोट सुटलेलं नव्हतं. बेंबीपर्यंत हाताला लागत होती ती लघवीची पिशवी होती. दाबलं तरी त्यांना दुखत नव्हतं, आणि खरी भीती तिथेच असते. अचानक लघवी अडली तर माणूस तळमळतो, लगेच धावत येतो. महिनोन्‌महिने हळूहळू तुंबत गेली तर पिशवी ताणत जाते, दुखणं नसतं, कुणाच्या लक्षात येत नाही. मागचा दाब मात्र मूत्रपिंडांवर जातो.

नळी घातली. दीड लिटरच्या वर लघवी निघाली. एरवी चारशे-पाचशे मिलिलिटर साठलं की आपल्याला थांबवत नाही, यावरून अंदाज करा. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, चढलेलं. भूक गेली होती ती त्यामुळे. आम्ही त्यांना भरती करून घेतलं, कारण अडथळा सुटल्यावर काही वेळा मूत्रपिंडं भराभर पाणी आणि क्षार बाहेर टाकू लागतात. तेव्हा तासातासाला मोजमाप ठेवावं लागतं. क्रिएटिनिन दिवसागणिक उतरत गेलं. नळी तशीच ठेवून काही आठवड्यांनी दुर्बिणीतून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया केली.

पुढच्या तपासणीला काका एकटे आले. तीच पँट. कंबरेकडे बोट दाखवून म्हणाले, ‘सोडलं होतं तेवढं परत आत घेतलं, साहेब.’ त्या टिपेसारखी सरळ टीप मी कुठे पाहिलेली नाही.

तर श्रोतेहो, पुन्हा सांगतो. गळते म्हणजे रिकामी होते असं नाही. डायपर आणण्याआधी तपासणी. पिशवीत किती लघवी उरते हे सोनोग्राफीत काही मिनिटांत कळतं.

आता युरोलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे, जाताना काय करायचं ते. जाण्याआधी तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर झाली, पाणी किती प्यायलात, कधी गळाली. अनेकांच्या वहीत रात्रीचाच आकडा मोठा निघतो. मग कारण प्रोस्टेटमध्ये नसून पायांवरची सूज, मधुमेह किंवा झोपेतला श्वासाचा त्रास यात सापडू शकतं. दवाखान्यात शिरण्याआधी लघवी करून येऊ नका. धारेचा वेग मोजायच्या यंत्रात किमान दीडशे मिलिलिटर तरी व्हायला हवी, नाहीतर मापावर भरवसा ठेवता येत नाही. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग असला तर सहसा ठीक, १० च्या खाली गेला तर अडथळ्याची शंका घ्यावी लागते किंवा पिशवीचं बळ कमी पडतंय का ते पाहावं लागतं. गुदमार्गातून बोटाने प्रोस्टेट तपासतात, ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्या भीतीपायी वर्षं घालवू नका.

पीएसए नावाच्या रक्त तपासणीत आकडा ४ च्या वर दिसला की कर्करोगच झाला असं समजून घरात रडारड होते. जंतुसंसर्गाने, नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटने, नळी घातल्यानेही तो वाढतो. त्याचा अर्थ डॉक्टरांना लावू द्या.

आणि हो, सभागृहं बांधणाऱ्यांना माझं सांगणं आहे की स्वच्छतागृह जिना चढून, मागच्या बोळात ठेवू नका. कितीतरी माणसं त्या एका कारणाने कार्यक्रमांना, लग्नांना, प्रवासाला जायची थांबली आहेत. बायकांचं तर विचारूच नका. बायकांनीही युरोलॉजिस्टकडे जायचं असतं, हे अजून अनेकींना कुणी सांगितलेलं नाही. खोकताना, शिंकताना गळत असेल तर त्यावर व्यायामापासून शस्त्रक्रियेपर्यंत उपाय आहेत.

लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी जायचंच. धूम्रपान करणाऱ्यांनी तर एक दिवसही थांबू नये, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर आहे. लघवी पूर्ण अडली तर वाट न बघता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं.

औषधांच्या सगळ्या पट्ट्या बरोबर न्या, सर्दीच्या गोळ्यासुद्धा. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू झालं तर फरक काही दिवसांत जाणवतो. सुरुवातीला बिछान्यातून झटकन उठू नका, चक्कर येते. प्रोस्टेट लहान करणारं फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड दिलं असेल तर सहा महिने धीर धरा, आणि पीएसए तपासताना हे औषध चालू असल्याचं आवर्जून सांगा, कारण त्याने आकडा निम्म्यावर येतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर टॅम्सुलोसिन घेत असल्याचं किंवा पूर्वी घेतल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळीने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडू शकतो. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते तयारीत असतात.

नमस्कार.